तरुणपणी विकलेली गाडी परत शोधायची तर

जुनी गाडी शोधायची म्हटलं की सगळ्यांना आठवतो तो तिचा नंबर. पण शोध नंबरवर कमी आणि चेसिस नंबरवर जास्त चालतो. पाटी बदलते, रंग बदलतो, इंजिनसुद्धा बदलतं. चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, ठोकलेला आकडा तेवढा शेवटपर्यंत टिकतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडी कितीही फिरली तरी नंबर तोच राहतो, म्हणजे एमएच-२० ची गाडी आज कोल्हापुरात असली तरी ती एमएच-२० च. पण मराठवाड्याची गंमत अशी की दोन राज्यं उंबऱ्यावरच आहेत. देगलूरहून निजामाबाद, उदगीरहून बिदर, उमरग्याहून कलबुर्गी. गाडी तिकडे कायमची गेली की तिला नवा नंबर पडतो. बिदरला केए-३८, कलबुर्गीला केए-३२, निजामाबादला आधी एपी-२५ आणि राज्य वेगळं झाल्यावर टीएस-१६, २०२४ पासून टीजी-१६. त्यानंतर जुना नंबर टाकून कितीही शोधलं तरी ‘एनओसी दिली’, म्हणजे दुसऱ्या राज्यासाठी ना-हरकत दिली, एवढ्यावरच गाडं अडतं. म्हणून पहिलं काम चेसिस नंबर हाती लागणं.

चेसिस नंबर कुठे सापडतो

गाडी विकताना आरसी बुक घेणाऱ्याकडे जातं, त्यामुळे घरात ते सापडणार नाही. त्याची झेरॉक्स असेल तर नशीब. नसेल तर सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे विम्याची जुनी पॉलिसी. तिच्यावर चेसिस आणि इंजिन दोन्ही नंबर असतात. लोक आरसी जपतात आणि पॉलिसी रद्दीत घालतात, पण विमा एजंट मात्र जुन्या डायऱ्या सहजासहजी फेकत नाहीत. तालुक्याच्या गावातला जुना एजंट हा आरटीओच्या कारकुनापेक्षा जास्त उपयोगी माणूस आहे, कारण गाडी विकल्यावर पुढच्या मालकाची पॉलिसीही बऱ्याचदा त्यानेच काढलेली असते.

पॉलिसी नसेल तर गाडी कर्जावर घेतली होती का ते आठवा. बँकेचा कर्जफेडीचा कागद, म्हणजे बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, शोरूमचं विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१, सर्व्हिस कुपनांचं पुस्तक, या सगळ्यांवर चेसिस नंबर असतो. दवाखाना, दुकान किंवा अडत असलेल्यांची गाडी धंद्याच्या नावावर दाखवलेली असते. सीएच्या फाइलमध्ये घसाऱ्याच्या तक्त्यात खरेदीची तारीख आणि किंमत मिळते, आणि नशीब असेल तर मागे बिलाची प्रतही टाचलेली असते.

काहीच नसेल तर लग्नाचे अल्बम काढा. नवरदेवाची गाडी म्हणून सजवलेल्या फियाट किंवा मारुतीच्या बॉनेटवर फुलं असतात, पण पाटी उघडी असते. इथे एक अडचण हमखास येते. त्या काळी पुष्कळ गाड्यांवर नंबर देवनागरीत लिहिलेला असायचा. नियमाप्रमाणे पाटीवर इंग्रजी अक्षरं आणि आकडेच हवेत, पण पेंटरला कोण सांगणार. धूसर फोटोत १ आणि ९, ५ आणि ४ यांची गफलत होते; इंग्रजी पाटीवर ३, ८ आणि शून्याची. म्हणून एकाच फोटोवर विसंबू नका. पुढची आणि मागची पाटी वेगवेगळ्या फोटोंत मिळवून जुळवा, आणि ज्या आकड्याबद्दल शंका असेल त्याच्या सगळ्या शक्यता कागदावर लिहून एकेक तपासा. दोन आकडे संशयाचे असतील तरी फार तर आठ-दहा नंबर तपासावे लागतात, हे काम अर्ध्या तासाचं आहे.

कोणत्या कार्यालयात नोंद असेल

एमएच मालिका १ जुलै १९८९ ला सुरू झाली, नवा मोटार वाहन कायदा लागू झाला त्या दिवशी. त्याआधीच्या गाड्यांना तीन अक्षरं आणि पुढे आकडे असायचे, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या पुढेही त्याच नंबरवर चालत राहिल्या. मराठवाड्यात आज २० छत्रपती संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली आणि ४४ अंबाजोगाई हे मुख्य क्रमांक आहेत.

पण नोंद कुठे मिळेल हे ठरवताना आजचा नकाशा बाजूला ठेवा. जालना जिल्हा १ मे १९८१ ला औरंगाबादेतून वेगळा झाला, लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादेतून, आणि हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून. म्हणजे १९७८ साली जालन्यात घेतलेल्या फियाटची मूळ नोंद जालन्यात शोधण्यात अर्थ नाही, तेव्हा जिल्हाच नव्हता. वसमतच्या माणसाने १९९५ ला घेतलेली मारुती एमएच-२२ आहे, एमएच-३८ नाही. अंबाजोगाई-परळी भागातल्या जुन्या गाड्या एमएच-२३ वर आहेत. शिवाय जिल्ह्यांची नावं बदलली तरी जुन्या कागदांवर औरंगाबाद आणि उस्मानाबादच असणार. अर्जात दोन्ही नावं लिहिली तर खिडकीवरचा वाद वाचतो.

फोनवर आधी काय बघून घ्यायचं

परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर मोबाइल नंबरने लॉगिन करून गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कार्यालय, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत आणि आरसीची सद्यस्थिती दिसते. मालकाचं नाव मधली अक्षरं झाकून येतं. पण झाकलेलं नावही पुष्कळ सांगतं: पहिलं अक्षर आणि नावाची लांबी ओळखीच्या खरेदीदाराशी जुळते की नाही एवढं कळलं तरी पुरे. नंबर टाकताना मधे रिकामी जागा किंवा आडवी रेघ नको, आणि आकडे चारपेक्षा कमी असतील तर पुढे शून्यं लावून एकदा, न लावता एकदा बघा.

सगळ्यात मोलाची ओळ म्हणजे आरसीची स्थिती आणि विम्याची तारीख. विमा चालू आहे याचा अर्थ गाडी कुणीतरी रस्त्यावर वापरतंय. नोंदणीची मुदत २०१२ ला संपली आणि विमा त्याच्याही आधीचा, तर गाडी कुठल्या तरी वाड्यात, गोठ्याशेजारी किंवा गॅरेजच्या मागे उभी आहे, नाहीतर मोडीत गेली आहे. आणि काहीच दिसलं नाही म्हणून गाडी संपली असं समजू नका. जुन्या हस्तलिखित रजिस्टरमधल्या अनेक नोंदी संगणकावर चढलेल्याच नाहीत; त्याला बॅकलॉग म्हणतात, आणि मालक स्वतः कार्यालयात जाऊन मागणी करेपर्यंत ती नोंद रजिस्टरमध्येच राहते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची झाली तेव्हा मात्र हजारो लोकांना हा बॅकलॉग निस्तरावा लागला. त्यामुळे पूर्वी कधी शोधून हात हलवत परत आला असाल तर तोच नंबर आता पुन्हा टाकून बघायला हरकत नाही.

दुसरी जागा ई-चलनाची. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेली चलनं दिसतात. चलनावर तारीख आणि ठिकाण असतं, आणि बऱ्याचदा फोटोही. गाडी आज कोणत्या शहरात फिरते, कोणत्या रंगाची झाली आहे, टपावर कॅरिअर बसवलंय का, हे एका फोटोत कळतं. चेसिस नंबर आधी मिळवायचा तो यासाठीही.

आरटीओत काय मागायचं आणि काय मागू नये

आजच्या मालकाचं नाव-पत्ता द्या, असा अर्ज केला की नकार ठरलेला. ती त्रयस्थाची खासगी माहिती आहे आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे)खाली ती नाकारता येते. नकार मिळाल्यावर अपील, पुन्हा अपील, यात वर्ष जातं आणि शेवटी उत्तर तेच येतं.

त्याऐवजी नोंदीबद्दल विचारा. गाडी तुमच्या नावावरून कोणत्या तारखेला उतरली, सध्या नोंदणी चालू आहे की रद्द, दुसऱ्या राज्यासाठी एनओसी दिली असेल तर कोणत्या तारखेला आणि कोणत्या कार्यालयाच्या नावे, बँकेचा बोजा आहे का. यात कुणाचंही नाव नाही. शिवाय गाडी तुमच्या नावावर होती त्या काळापुरत्या नोंदणी अभिलेखाची, म्हणजे फॉर्म २४ ची, साक्षांकित प्रत मागा. ती तुमचीच माहिती आहे. महाराष्ट्रात माहितीचा अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं. उत्तराची मुदत ३० दिवस. पानभर आठवणी लिहू नका. नंबर, चेसिस नंबर, तुमचं नाव, कोणत्या साली घेतली आणि कोणत्या साली विकली, आणि चार प्रश्न.

गाडी दुसऱ्या राज्यात गेली असेल तर एनओसीचा कागद म्हणजे फॉर्म २८. त्यावर चेसिस नंबरची पेन्सिलने घासून घेतलेली छाप असते. हा कागद ज्या कार्यालयाच्या नावे गेला त्या कार्यालयाला तसाच, चेसिस नंबरवरून, अर्ज करायचा. बिदरच्या कार्यालयात तुमचा जुना एमएच नंबर टाकून कुणी शोधत बसणार नाही.

गाडी तुमच्याच नावावर निघाली तर

हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात व्यवहाराची पद्धतच अशी होती: पैसे मोजून घेतले, टीटी म्हणजे ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्या मारून दिल्या, किल्ली दिली. घेणाऱ्याने तेच सही केलेले फॉर्म पुढच्याला दिले, त्याने त्याच्या पुढच्याला. चार मालक बदलले तरी आरटीओच्या दप्तरी मालक तुम्हीच. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या व्यवहाराची माहिती १४ दिवसांत द्यायची असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत गाडी नावावर करून घ्यायची असते, पण हे करतो कोण.

यात गंमत काहीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे की गाडी विकली असली आणि ताबा दुसऱ्याकडे असला तरी दप्तरी ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या गाडीचा विमा नसेल तर रक्कम तुमच्या खिशातून. म्हणून असं आढळलं की गाडी शोधण्याचा नाद बाजूला ठेवा आणि आधी नाव उतरवण्याच्या मागे लागा. सौदेपावती, पैसे घेतल्याचा पुरावा, फॉर्म २९ ची झेरॉक्स जे असेल ते जोडून संबंधित आरटीओला लेखी कळवा आणि पोच घ्या. तोंडी सांगून उपयोग शून्य.

गाडी वडिलांच्या नावावर होती आणि ते आता नाहीत, तर वारसाने फॉर्म ३१ भरायचा. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत लागतं. भावंडं चार गावांत असतील तर हा कागद गाडीपेक्षा जास्त वेळ खातो.

माणसांची साखळी

कागदांनी गाव कळतं, गाडी माणसंच दाखवतात. ज्याला विकली त्याच्यापासून सुरुवात करा, तो हयात नसेल तर त्याच्या मुलाकडून. मग त्या गावातलं जुनं गॅरेज. मिस्तरी नंबर विसरेल, मालकाचं नाव विसरेल, पण ‘डाव्या दाराला पत्रा मारलेली पांढरी मारुती’ म्हटलं की त्याला गाडी आठवते. म्हणून विचारताना खुणा सांगा: कोणत्या बाजूला ठोकली होती, डॅशबोर्डवर जास्तीचं भोक कशासाठी पाडलं होतं, हॉर्न कुठला बसवला होता.

मारुती ८०० चा दुसरा किंवा तिसरा मालक ड्रायव्हिंग स्कूल असण्याची शक्यता मोठी. तशी गाडी असेल तर डाव्या बाजूच्या पायाजवळ जास्तीच्या क्लच-ब्रेकच्या पट्ट्यांची भोकं आजही दिसतील. कमांडर आणि ट्रॅक्स या जीपगाड्या बहुधा काळी-पिवळी होऊन संपल्या. त्या शोधण्यात फार जीव अडकवू नये. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, मात्र हौशी लोकांनी उचलल्यात आणि तशी गाडी जिल्ह्याच्या गावात लपून राहत नाही.

मालक सापडला की पहिला फोन नीट करा. ‘दादा, ही गाडी पूर्वी आमच्या घरी होती. विकायचा आग्रह नाही, एकदा बघायची आहे,’ एवढंच. पत्ता कुठून मिळाला ते स्वच्छ सांगा. आणि किंमतीबद्दल अवाक्षर नको. भावनेचा वास आला की चाळीस हजारांची गाडी सव्वा लाखाची होते. खरेदीची बोलणी करायला नंतर मिस्तरीला पाठवा, तुम्ही जाऊ नका. शोधासाठी समाजमाध्यमांवर लिहायचं तर गाडीचा जुना फोटो आणि नंबर टाका, आजच्या मालकाचं नाव किंवा फोन कधीच नाही.

ही तीच गाडी कशावरून

डोळ्याला तीच वाटते म्हणून ती तीच असते असं नाही. पांढऱ्या मारुती ८०० या भागात किती झाल्या त्याला गणती नाही.

मारुती ८०० चं बॉनेट उघडलं की इंजिनच्या मागे, काचेच्या खालच्या आडव्या पत्र्यावर चेसिस नंबर ठोकलेला असतो. रॉकेलच्या बोळ्याने तो पत्रा पुसा, ब्रश मारू नका. पातळ कागद त्यावर ताणून धरा आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी घासा, टोक नाही तर कड. आकडे पांढरे उठतात. ही छाप आपल्या जुन्या पॉलिसीतल्या नंबराशी एकेक अक्षर लावून बघा. मग छापेकडेच परत बघा: आकड्यांमधलं अंतर सारखं आहे का, एखादा आकडा खोल आणि बाकीचे उथळ आहेत का, आजूबाजूला ग्राइंडरच्या तिरप्या रेघा आहेत का, पत्र्याच्या कडेला वेल्डिंगचे ठिपके मूळच्यापेक्षा मोठे आहेत का. यातलं काहीही दिसलं तर तो पत्रा दुसऱ्या गाडीचा आणून बसवला आहे. अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका, ती चोरीची असू शकते आणि पासिंगला गेलात की तिथेच अडकते.

इंजिन नंबर जुळला नाही तर लगेच घाबरू नका. ८०० आणि ओम्नी दोघींना एकच ७९६ सीसीचं एफ८बी इंजिन होतं, त्यामुळे एकीचं इंजिन दुसरीत बसवणं हे गावोगावच्या गॅरेजात रोजचं काम होतं. इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर आहे का एवढंच बघायचं. नोंद नसेल आणि इंजिनाचं बिलही नसेल तर मात्र पुढे सरकू नका.

मूळ रंग तपासायचा तर बाहेरून बघू नका. डिक्कीच्या झाकणाचं रबर एका कोपऱ्यात सोडवा, दाराच्या बिजागरीच्या आत टॉर्च मारा, मागच्या सीटखालचा कार्पेट उचला. पेंटर तिथपर्यंत जात नाही.

चेसिस आणि इंजिन नंबर हाती आले की राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेवर गाडी चोरीच्या किंवा गुन्ह्याच्या नोंदीत नाही याचा दाखला काढून ठेवा.

मोडीत गेली असेल तर

नोंदणी रद्द दिसत असेल तर शोध तिथे संपतो. २०२१ च्या नियमांनंतर नोंदणीकृत भंगार केंद्रात दिलेल्या गाडीचं प्रमाणपत्र असतं आणि दप्तरी तशी नोंद होते. त्याआधी मात्र गाड्या भंगारवाल्याकडे कागदाविनाच जायच्या. कागद जिवंत आणि गाडी नाही असा प्रकार त्यामुळेच होतो. मराठवाड्यातलं भंगार जालन्याच्या भट्ट्यांना जवळ पडतं. म्हणजे तुमची फियाट आज कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळई होऊन बसलेली असू शकते.

घ्यायची ठरली तर कागद आणि खर्च

दिल्लीसारखी वयाची बंदी महाराष्ट्रात खासगी गाड्यांना नाही. गाडी चालायच्या लायकीची असेल तर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण होतं. पण खर्च आधी मांडा. १५ वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाला १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये शुल्क आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. पर्यावरण कर वेगळा. खरा दणका विलंबाचा असतो: मुदत संपल्यावर मोटारीला दरमहा ५०० आणि मोटारसायकलला ३०० रुपये. पाच वर्षं तुंबलेल्या गाडीचे नुसते विलंबाचेच ३०,००० होतात. हा आकडा सौदा ठरवण्याआधी काढा आणि किंमतीतून वळता करा, नंतर मालक ऐकत नाही.

क्रम असा ठेवा: थकलेली चलनं आधी मालकाकडून भरून घ्या, बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, मग मालकाच्या नावाने पासिंग, आणि त्यानंतर फॉर्म २९ आणि ३० वर ट्रान्सफर. सही करणारा माणूस आरसीवरचाच आहे का हे आधारकार्डाशी ताडून बघा. मधल्या कुणाच्या तरी सह्या मारलेल्या जुन्या फॉर्मवर गाडी घेतली तर वर सांगितलेली साखळी तुम्हीच पुढे लांबवता.

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरची आणि मूळ रूपात असेल तर ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. २०२१ च्या नियमात नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरण्यापुरतीच रस्त्यावर आणायची. किराणा आणायला फियाट काढायची असेल तर साधी नोंदणीच बरी.

घरी आणताना आणि पहिला स्टार्ट मारताना

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी ढकलस्टार्ट करून चालवत आणू नका. मारुती ८०० ची लांबी ३,३३५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ११ फूट. १० फुटी हौद्याच्या टेम्पोत ती बसत नाही, १४ फुटी आयशर सांगा. चाकं जाम असतील तर ओढू नका, मागचे ड्रम सोडवून चढवा.

स्टार्टरला हात लावण्याआधी तिन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवा. अडलं तर जोर लावायचा नाही, पुन्हा ऑइल सोडून थांबायचं. टायमिंग बेल्ट रबराचा आहे आणि आपल्याकडच्या उन्हात उभ्या गाडीचंही रबर मरतं. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला, कारण पंपासाठी पुन्हा सगळं खोलावंच लागतं. टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निशसारखं चिकट झालेलं असतं. टाकी खाली उतरवून धुवा, कार्ब्युरेटरचे जेट साफ करा, आणि पेट्रोलच्या सगळ्या नळ्या, पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी वॉशर नवे घाला. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. नव्वदच्या दशकातलं रबर त्यात फुगतं आणि तडकतं. नळी इंजिनवर गळली तर गाडीच पेटते.

पत्र्याच्या बाबतीत मराठवाड्याची गाडी कोकणातल्या गाडीपेक्षा बरी, खारी हवा नाही. पण काळी माती चाकांच्या कमानीत आणि फूटबोर्डाच्या आत भरून बसते आणि पावसाळाभर ओल धरते, म्हणून गाडी वरून चकचकीत आणि खालून सडलेली निघते. जॅक लावायच्या जागी स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. आत गेला तर डेंटरचा खर्च धरा.

आणि रेडिएटर. इथल्या गाड्यांना आयुष्यभर बोअरचं पाणी पाजलेलं असतं. थंड इंजिनवर झाकण उघडून आत बघा. नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर दिसला की तो क्षार आहे आणि आत इंजिनच्या पाणीवाटांतही तसाच आहे. नुसतं पाणी सोडून तो जात नाही. पितळी रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला वरची-खालची टाकी सोडवून सळई घालून नळ्या मोकळ्या करतो. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर बदलाच. थर्मोस्टॅट नवा घाला, काढून टाकू नका, मिस्तरी कितीही म्हणाला तरी. त्यानंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं. हे केलं नाही तर एप्रिलमध्ये पहिल्याच लांबच्या फेरीत काटा लाल पट्ट्यात जातो, हेड गॅस्केट उडतं, आणि हेड लेथवर न्यावं लागतं.

इंजिन सुरू झालं तरी ब्रेकचे रबर किट, मागचे व्हील सिलिंडर आणि ब्रेक ऑइल बदलल्याशिवाय फाटकाबाहेर नेऊ नका. टायरवर नक्षी शिल्लक असली तरी बाजूच्या भिंतीला बारीक चिरा असतात. बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. आकडे तीनच असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, त्यात हवा भरतानाही लांब उभं राहा.